आत्याच्या मोबाईलवर माझी बिलं

सोलापूर, शुक्रवार

तीर्थरूप काशम्मा आत्या यांच्या पायाशी प्रभुलिंगचे शरणु शरणार्थी.

गुडघा कसा आहे? तेल लावता, की शेजारच्या गौरम्माला गप्पांत गुंतवून टाळता? इकडे अप्पा ठणठणीत आहेत. दुकानात बसल्या जागेवरून सगळ्यांवर ओरडतात, म्हणजे काळजीचं कारण नाही. काळजी मला तुमची आहे, कारण पंधरा दिवस तुमचा फोन नाही आणि माझा तुम्ही उचलत नाही. सकाळी तुमची बोलणी खाल्ल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

विषय बिलांचा आहे. कुठल्याही दुकानात नंबर द्यायचा तो आत्याचा, हा आपल्या घराचा नियम. सगळ्यांचे पॉइंट एका जागी साठावेत आणि तुम्हाला कुकर मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. (कुकर मिळाला, शिट्टी अजून होत नाही, ते असो.) त्यामुळे सोलापुरात आम्ही साबण घेतला तरी अक्कलकोटला तुमचा मोबाईल वाजतो, आणि तुम्ही विचारता, "प्रभ्या, हिंगाच्या दोन डब्या कशाला रे? भज्याची गाडी लावलास की काय?" त्याची आम्हाला सवय आहे. पण त्या दिवशी आइस्क्रीमच्या दुकानात मी कुणालाही नंबर दिला नव्हता, नुसतं कार्ड लावलं होतं. तरी बिल तुम्हाला पोचलं. संध्याकाळी तुम्ही "घसा बरा हाय न्हवं?" एवढंच विचारलंत आणि फोन ठेवलात, तो आजतागायत.

मी तडक सात रस्ता चौकात गेलो आणि भांड्यांच्या दुकानातल्या शिवराजला गाठलं, कारण तुमचा नंबर माझ्या कार्डासोबत पहिल्यांदा त्यानेच मशीनमध्ये घातला होता. तो म्हणाला, "एकदा नंबर कार्डाला चिकटला की चिकटला. असलं मशीन जितं जितं हाय, तितं कार्ड लावलं की बिल आपसूक जातंय." बंद कसं करायचं, तर म्हणे, "बिलाच्या खाली बटण असतंय की. पण ज्याच्या मोबाईलवर जातंय त्येनंच दाबायचं." म्हणजे फौजदारालाच विनंती करायची, की साहेब, जरा डोळे मिटा.

तर आत्या, कृपा करून ते बटण दाबा. तोवर आलेली बिलं मनावर घेऊ नका. यंत्रच ते, काहीही पाठवतं. दोन्ही स्ट्रॉबेरी आइस्क्रीम मी एकट्यानेच खाल्ली. (घसा बसला तो धुळीने.) मोरपंखी लेडीज छत्री अप्पांसाठी घेतली, ऊन काही रंग बघून लागत नाही. आणि पाच नंबरची लेडीज चप्पल... इथे मी बराच वेळ पेन चावत बसलो, पण काही सुचलं नाही.

गौरम्मांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
प्रभुलिंग

ता. क. : चप्पल उत्कर्षाची आहे. छत्रीही तिचीच. एक आइस्क्रीमसुद्धा. ती कुंभारीच्या शाळेत शिकवते. घर मराठ्यांचं, आपल्यासारखं लिंगायतांचं नाही; स्वभाव मात्र तुमच्यासारखा, म्हणजे पुढेही माझे हाल व्हायचे नाहीत असं नाही. आत्या, अप्पा साऱ्या जगात फक्त आपल्या अक्काचं ऐकतात. रविवारी येऊन त्यांच्याशी बोलाल का? आई गेल्यापासून माझं सगळं तुम्हीच पाहिलंत. तुम्ही रागावलात तर सोसेन, पण हे गप्प बसणं मला सोसत नाही. तुम्ही नको म्हणालात तर तिला काय सांगू, तेही कळत नाही. बटणाचं राहू द्या.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार इतक्यात माझा मोबाईल वाजला. अक्कलकोटच्या कापडदुकानाचं बिल. हिरवी इरकल साडी एक, खण एक, मुंडावळ्या एक जोड. जन्मात कधी दुसऱ्याचा नंबर न सांगणाऱ्या तुम्ही काउंटरवर माझा नंबर सांगितलात! मी मोबाईल तसाच अप्पांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, कुणासाठी म्हणून विचारलं, आणि मी सांगून टाकलं. त्यांनी बिल पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "अक्कानं घेतलंय म्हंजे ठरलंच की. पण ह्यात माझा फेटा कुटं हाय?"