साहेबांचा आवाज खणखणीत आहे

१९ ऑक्टोबर, दुपार

ती. वहिनींना नमस्कार.

पोचलो, त्याला चार-पाच दिवस झाले. प्रकृती ठीक आहे, फक्त विमानात सर्दी झाली आणि नाक चोंदलंय. मुलांना सांगा, काका सामानात खाऊ कोंबून आणणार आहे.

मेल न करता पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कंपनीच्या मेलवर हे लिहायला हात धजावला नाही.

आधी कामाचं. आपली ही परदेशातली शाखा म्हणजे एका गल्लीतल्या इमारतीचा तळमजला. पुढे एक खोली, मागे गोदाम. शाखाप्रमुखबाई, दोन तंत्रज्ञ आणि गाडी चालवणारा एक म्हातारा, एवढाच कारभार. पण टापटीप इतकी की आपल्या वर्कशॉपला लाज वाटावी. इस्पितळांच्या तक्रारी जवळपास नाहीतच. नवजात बाळांना ऊब देणारी आपली पेटी म्हटलं की इथल्या नर्सेस दादाचीच आठवण काढतात. पहिली पेटी तो स्वतः खांद्यावरून घेऊन आला होता ना.

तुम्ही मला पाठवलंत ते शाखा ऐकत नाही म्हणून. नव्या पेट्या इस्पितळाला ताबडतोब पाठवा, असं तुम्ही तीनदा कळवलंत आणि बाईंनी तीनदा टाळलं. मी आल्या आल्या जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेबांनी थांबवायला सांगितलंय."

"कोणत्या साहेबांनी?"

"अरे बाबा, तुझ्या दादाने. दुसरं कोण?"

वहिनी, बाई आपली भाषा फोनवर दादाकडूनच शिकल्या. 'अरे बाबा' म्हणतात, वाक्य संपलं की 'कळलं का?' म्हणतात. बोलताना तोंड बाईंचं आणि बोलणं त्याचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

मी म्हटलं, साहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, ते फोनवर बोलत नाहीत, तुम्हाला कळवलं होतं. आपण दोघांनी ठरवलेलंच वाक्य होतं ते. कंपनी लहान, परदेशातली गिऱ्हाइकं दादाच्या शब्दावर आलेली. तो गेल्याचं कळलं तर सगळं कोसळेल, म्हणून जम बसेपर्यंत मेलखाली त्याचंच नाव घालायचं, असं आपण ठरवलं. चूक की बरोबर, ते मी आज बोलत नाही.

बाई हसल्या. "मेल वाचली मी. म्हणून साहेबांना विचारलंसुद्धा. पण त्यांचा आवाज तर खणखणीत आहे! रोज सकाळी फोन करतात."

मला वाटलं, बाई बनेल आहे. आपल्या मर्जीने शाखा चालवायची आणि नाव मालकाचं घ्यायचं. दूरच्या शाखेत असं होतं, आपण ऐकलेलं आहे. राग आला, आणि खरं सांगू का, हायसंही वाटलं. बनेल माणसाला काढून टाकता येतं.

मग गोदामात गेलो. पेट्या कापडं घालून रांगेत ठेवल्या होत्या. एक चालू केली, आत थर्मामीटर ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसलो. ठरलेल्या उष्णतेला पेटी तापवणारी पट्टी आपोआप बंद व्हायला हवी होती, झाली नाही. काटा चढतच गेला. दुसरी पेटी लावली, तिचंही तेच. आपण पुरवठादार बदलला, त्या नव्या पट्ट्यांमध्ये खोट आहे. त्या पेट्यांत बाळं ठेवली गेली असती, वहिनी. मी दोन्ही पेट्या बंद केल्या.

बाईंना विचारलं, "तुम्ही तपासल्या होत्या?"

"नाही. साहेब म्हणाले, हात लावू नका, थांबवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलापाशी बसलो. जुना काळा फोन आहे, वायरचा. बाहेर कचऱ्याची गाडी गेली, तंत्रज्ञांनी चहा आणला, आणि फोन वाजला. बाईंनी उचलून स्पीकर लावला. आधी नुसती खरखर. मी मनात एक प्रश्न घोकून ठेवला होता, फक्त दादालाच उत्तर ठाऊक असेल असा. तो विचारायची वेळच आली नाही.

"बारक्या आलाय का तिथे? कोणीतरी नाक चोंदल्यासारखा श्वास घेतोय."

बाईंनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. त्यांना यात काहीच विशेष वाटलं नाही.

मी "दादा" म्हणालो. तो पेट्यांबद्दल बोलू लागला. पट्ट्या बदलून घे, जुन्याच पुरवठादाराकडे जा, त्याच्याशी गोड बोल. आवाज तोच, मध्येच खाकरणं तेच. मागे मात्र काहीच नव्हतं. ना पंखा, ना रस्ता, ना माणसं. मग आवाज खाली आला.

"घरी फोन लावतो रे. पहिल्यांदा तिने उचलला, पण बोललीच नाही. आता तर लागतच नाही. रागावलीय का माझ्यावर?"

वहिनी, तुम्ही घरचा फोन काढून टाकलात तेव्हा म्हणाला होतात, नुसत्या रिकाम्या घंटा येतात, डोकं उठतं. मी जास्त विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण शाखा बघायला स्वतः न येता तुम्ही मला का पाठवलंत, ते मला कळलंय. माझा राग नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही वायर ओढली असती.

त्याला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आपण इथल्या लोकांपासून लपवलं, आणि त्याच्यापासूनही लपून राहिलं.

मी सांगितलं. म्हटलं, "दादा, ती रागावलेली नाही. तू गेलास. वर्कशॉपमध्येच, उभ्या उभ्या. आम्ही सगळे होतो तिथे."

खरखर वाढली. मला वाटलं, फोन तुटला. मग त्याने विचारलं, "मग पेट्या कोण तपासतंय?"

"वहिनी."

"घाई करू नको म्हणावं तिला. जमेल तिला." आणि मग, "बरं, ठेवतो."

एवढंच. तुम्हाला न विचारता मी हे केलं. तुमच्या वाट्याचं बोलणं बहुधा मीच संपवलं. इथला फोन त्यानंतर वाजलेला नाही. सकाळी सगळे त्याच्याकडे बघत बसतात, चहा निवतो.

बाईंनाही खरं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता मी कोणाचं ऐकायचं?" याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात. त्याच्या नावाने आता एकही मेल नको. पेट्या मी परत पाठवतोय. आणि शंका आली तर माल अडवण्याचा अधिकार इथे बाईंकडे असू दे, मालक आपण असलो तरी. आपल्याला इतक्या लांबून पट्टीची ऊब कळत नाही.

आणि घरचा फोन जोडून घ्या. वाजला तर या वेळी बोला. नाही वाजला, तर त्याचा दोष माझ्याकडे.

तुमचा
बारक्या

या नावाने मला फक्त तोच हाक मारायचा. आता तुम्ही मारलीत तर मी ओ देईन.