एकशे बारा बलस्थानं

३ मार्च, सोमवार

आजपासून ऑफिसात 'समस्या' हा शब्द बंद! संचालकबाई दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि आल्या आल्या फळा पुसला. म्हणाल्या, आजवर आपण लोकांकडे काय नाही तेच मोजत बसलो, यापुढे काय आहे ते मोजायचं. ज्याच्या तोंडून तो शब्द जाईल त्याने समोरच्याचे तीन गुण सांगायचे.

अकराच्या आत चालकाला माझे सहा गुण सांगावे लागले. चौथ्यापाशी गडी अडला. मग म्हणाला, साहेब जेवायला फार वेळ लावत नाहीत. दुपारी गाडी चालू होईना तोवर मात्र शहाणा झाला होता. "बाई, गाडी उत्तम आहे. फक्त थांबून राहण्याची क्षमता जरा जास्त आहे."

माझी पंचाईत वेगळीच. मी होतो ते वर्तमानपत्र बंद पडल्यावर इथे मदत-संस्थेत अहवाल लिहायला आलो, त्याला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं माझं पहिलं प्रकरण 'समस्या' आणि दुसरं 'समस्येची तीव्रता'. तिसऱ्याला कधी जागाच उरली नाही.

नवं काम आलंय. कालव्यापलीकडे तीन इमारतींची वसाहत आहे. मधोमध सगळ्यांचं मिळून एक धुलाईघर — मोठी यंत्रं, बॉयलर, वाळवणाची खोली. बॉयलर चालवणारा निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही, सहा वर्षांपूर्वी कुलूप लागलं. आता वसाहत ज्यांच्या मालकीची त्या गृह-कार्यालयाला ते पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचीय. एकच पळवाट आहे. आपण हे चालवू शकतो असं रहिवाशांनी २८ तारखेला दाखवून दिलं, तर दहा वर्षांच्या कराराने धुलाईघर त्यांना मिळेल. करार आमच्या संस्थेमार्फत. रहिवाशांच्या बलस्थानांची यादी मी करायची.

४ मार्च, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर म्हणाली, "छोट्या, तुझं बलस्थान मला सापडलंय. भांडी तू फार मन लावून घासतोस." चौपन्नाव्या वर्षीही मी छोट्याच. घासली.

६ मार्च, गुरुवार

वसाहतीत गेलो. आमची गाडी फाटकातून वळली आणि कुणीतरी शिट्टी मारली. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरून एक चांगली आरामखुर्ची पाय वर करून आत चालली होती.

पहिल्या घरी सांगितलं, आमच्याकडे काही नाही. म्हातारे वडील आहेत, खोकला आहे. वडील कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसले होते. खोकले. भिंतीवरची तसबीर हलली असा खोकला. दुसऱ्या घरी काही नव्हतं, सासरे होते. मफलर तोच, खोकला तोच. तिसऱ्या घरी ते काका झाले होते आणि जिने चढून आल्यामुळे खरोखरच धापा टाकत होते! मी गप्प बसलो. संचालकबाई पहिल्यांदाच आलेल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "या वसाहतीत वडीलधाऱ्यांना किती सांभाळतात," म्हणाल्या.

त्या प्रत्येक दारात हसून विचारायच्या, तुमच्याकडे काय आहे? उत्तर पाठ असल्यासारखं यायचं. काही नाही. तुम्हाला काय येतं? काही नाही. एका मुलीने "मला सायकल दुरुस्त —" एवढं म्हटलं तर आईने तिला आतून बोलावून घेतलं.

चौथ्या मजल्यावर एक वहिनी आहेत. नवरा दोन वर्षं अंथरुणावर, उजवी बाजू गेलेली. त्यांनी काही नाटक केलं नाही. दिवसाला दोन चादरी बदलाव्या लागतात म्हणाल्या. घर लहान, वाळत घालायला जागा नाही, ओल्या कपड्यांनी नवऱ्याच्या छातीत कफ होतो. धुलाईघर पाडायचं चाललंय, सांगितलं. खिडकीतून खाली बघत राहिल्या. पलंगावरची चादर मात्र पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. घरात एवढं कसं जमवतात, देव जाणे.

७ मार्च, शुक्रवार

यादीतली बलस्थानं: शून्य. संचालकबाई म्हणाल्या, 'नम्रता' लिहा.

१० मार्च, सोमवार

मदतीचे जुने फॉर्म काढून बसलो. चालू पंखा असेल तर दोन गुण कमी. कमावता मुलगा — चार कमी. आजारी वृद्ध — पाच जास्त. खाली तयार करणाऱ्याची सही. माझीच! अठरा वर्षं आम्ही ज्याच्याकडे काही नाही त्यालाच देत आलो, आणि आता लोक काही नाही म्हणतात म्हणून डोकं धरून बसलोय. त्या मफलरवाल्या आजोबांना घरोघर फिरवलं ते मीच. पाच गुणांसाठी.

११ मार्च, मंगळवार

आज एकटाच गेलो. गाडी नाही, फॉर्म नाही. आजोबा धुलाईघराच्या पायरीवर ऊन खात बसले होते. शेजारी बसलो आणि विचारलं, "आजोबा, एकूण किती घरांत वडील आहात?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "मागणी असेल तसं," म्हणाले.

मग गप्पा लागल्या. खोकला विडीचा होता, विडी सुटली, खोकला राहिला. आता वसाहतीच्या कामी येतो. एकतीस वर्षं याच धुलाईघरात बॉयलर चालवला. म्हणजे निवृत्त झालेला तो माणूस हाच! मी सांगितलं, या वेळी उलटं आहे. ज्याला येतं, ज्याच्याकडे आहे, ते सांगायचं.

"मागच्या वेळी नसणाऱ्याला दिलंत," आजोबा म्हणाले. "आता असणाऱ्याला देणार. पुढच्या वेळी कुणाला?"

खरं तेच सांगितलं — पुढची वेळ नाही, २८ तारखेला जमलं नाही तर इथे गाड्या उभ्या राहतील. आजोबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. एकदाही खोकले नाहीत. मग म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी या, सगळ्यांना जिन्यात बसवतो. मी म्हटलं रविवारी येतो, सगळे घरी सापडतील. तर म्हणाले, नको, रविवारी आमच्याकडे सगळे विश्रांती घेतात.

१३ मार्च, गुरुवार

शून्याचे एकशे बारा झाले! हात दुखतोय.

जिन्यात पायरीपायरीवर माणसं. सुरुवातीला कुणी बोलेना. मग सायकलवाल्या मुलीची आई उठली आणि जाहीर केलं की माझ्या मुलीला सायकल दुरुस्त करता येते. बस्स, धरण फुटलं. नळदुरुस्ती करणारी एक बाई निघाली, तिचं काम तीन गल्ल्यांत चालतं. ६ तारखेला तिने आपण बेकार आहोत असं लिहून दिलं होतं. शिंपी निघाला. कारखान्यात बावीस वर्षं हजेरी घेतलेले एक गृहस्थ निघाले, त्यांना सगळे हजेरीमास्तर म्हणतात. कुणाची पाळी कधी हे त्यांना कागदाशिवाय तोंडपाठ असतं. एकीने सांगितलं, मला घड्याळाशिवाय पहाटे पाचला जाग येते. तिच्या नवऱ्याने सांगितलं, मला घड्याळ असूनही येत नाही, पण झोपेतही मी कुणाला त्रास देत नाही. तेही लिहिलं.

तळमजल्यावरच्या दोघा शेजाऱ्यांनी एकाच वेळी सांगितलं की मला भांडणं मिटवता येतात. खरं कुणाला येतात यावरून त्यांची जी जुंपली ती शिंप्याने मिटवली. बलस्थान शिंप्याच्या नावावर टाकलं.

शेवटी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी. इतका वेळ कठड्याला टेकून उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मला दुसऱ्याची घाण चादर हातात घ्यायची किळस येत नाही. हे तुमच्यात बसतं का?"

कुणी हसलं नाही. मी लिहिलं. एकशे बारावं.

१६ मार्च, रविवार

ताईला यादी वाचून दाखवली. ती सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होती, कुणी काही लपवत असेल तर तिला वासाने कळतं असं ती म्हणते. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "छान आहे. पण ही माणसं एकमेकांना फारच चांगली ओळखतात रे." मी म्हटलं, शेजारी आहेत. ती म्हणाली, "आपलेही शेजारी आहेत." वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आम्हा दोघांनाही आठवेना.

२० मार्च, गुरुवार

कुलूप उघडलं. गृह-कार्यालयाचे अधिकारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. बारीक, घड्याळ बघत बोलणारे गृहस्थ. येताना तेलाची बाटली आणि हातोडी आणली होती — सहा वर्षांत दार धरून बसलं असेल म्हणून. दार लोण्यासारखं उघडलं. आत जळमट नाही. अधिकारी जरा बावचळले. संचालकबाई म्हणाल्या, जुन्या लोकांची बांधणीच वेगळी!

आजोबांनी मफलर काढून खुंटीला लावला. बॉयलरला कान लावला, दोन चाकं फिरवली, एकावर चापट मारली. पहिल्या झटक्यात पेटला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा उशिराच वाजवल्या, पण वाजवल्या. संचालकबाई सरळ रडल्या. एकतीस वर्षांचं हातातलं ज्ञान विसरत नाही, असं त्यांनी माझ्याकडून तिथल्या तिथे लिहून घेतलं.

अधिकारी काही विरघळले नाहीत. यंत्र चालणं वेगळं, माणसं चालणं वेगळं, म्हणाले. पाळ्यांवरून महिन्याभरात एकमेकांची डोकी फोडाल. २८ ला कशी व्यवस्था करणार ते सांगा, पटलं तर सही करतो. जाताना धुलाईघराची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेले. वहिनी खिडकीतून बघत होत्या. बारा गाड्या मावतील, असं ते चालकाला म्हणाले म्हणे.

२६ मार्च, बुधवार

वसाहतीला तालमीची गरज आहे का, हे विचारायला गेलो. संचालकबाईंनी रंगीत कार्डं दिली होती. हजेरीमास्तरांनी कार्डं घेतली, आभार मानले, मला चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आले. मला वाटतं, मला घालवून दिलं.

रात्री यादी पुन्हा वाचत बसलो. अधिकाऱ्याने एक तिरका प्रश्न विचारला तर यांचं कसं होणार? जिन्यात बढाया मारणं वेगळं.

२८ मार्च, शुक्रवार

मिळालं! आधी नीट लिहून ठेवतो.

अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न तिरका टाकला. पाळीचा माणूस आला नाही तर? संचालकबाई कार्डं चाळत होत्या. हजेरीमास्तर उठले. त्याच्या खालच्या मजल्यावरचा पाळी घेतो, न आलेला पुढच्या खेपेला दोन पाळ्या करतो. आजारी असेल तर पाळी समोरच्या दारावर जाते. बाळंतीण असेल तर तीन महिने माफ. थांबले नाहीत, अडखळले नाहीत.

यंत्र बिघडलं तर? नळवाल्या बाईने सांगितलं, दोन नंबरचं यंत्र पाणी उलटं फेकतं, त्यात जाड चादरी टाकायच्या नाहीत. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं.

आणि ज्यांना पाळी करणं शक्यच नाही त्यांचं?

वहिनी उभ्या राहिल्या. "त्यांचं सगळे मिळून धुतात," म्हणाल्या. "ते ठरलेलं आहे."

"कधी ठरलं?"

वहिनी थांबल्या. मास्तर वर छताकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात आजोबांना खोकल्याची उबळ आली. काय उबळ! खुर्ची धरली, डोळे पांढरे केले. अधिकाऱ्यांनी स्वतः उठून पाण्याचा पेला दिला, पाठ चोळली. पाच मिनिटं गेली. घड्याळ बघून त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. दहा वर्षं.

वहिनी मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून बराच वेळ तशाच राहिल्या.

२९ मार्च, शनिवार

दिवसभर अहवाल. सोमवारी पाचपर्यंत द्यायचाय. तिसरं प्रकरण लिहिलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा! ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, "तुझी संस्था फारच हुशार दिसते." तिचा सूर काही आवडला नाही.

३१ मार्च, सोमवार

अहवालाला जोडायला पाळ्यांचं वेळापत्रक मागितलं होतं. हजेरीमास्तर सकाळी ऑफिसात वही घेऊन आले. जाडजूड, कोपरे झिजलेली. पहिल्या पानावरची तारीख सहा वर्षांपूर्वीची. कुलूप लागल्यानंतरचा दुसरा रविवार. त्यानंतर एकही रविवार रिकामा नाही. गेली दोन वर्षं प्रत्येक पानावर 'चौथा मजला — चादरी', आणि समोर दर वेळी वेगळं नाव.

"दुसरी किल्ली आजोबांकडे राहिली होती," मास्तर म्हणाले. "पाण्या-विजेचं आमचं आम्ही भरत होतो. फक्त कागद नव्हता. कागद करायला संस्था लागते म्हणे."

वही परत दिली. कोऱ्या पानावर नवं वेळापत्रक लिहून ते जोडलं, एक एप्रिलपासूनचं. मग तिसरं प्रकरण उघडलं. 'या उपक्रमातून रहिवाशांना आपल्या क्षमतांची ओळख झाली.' 'रहिवाशांना' खोडून 'आम्हाला' लिहिलं, 'आपल्या' खोडून 'त्यांच्या'.

पावणेपाचला पाठवला.