दोन लायब्रऱ्या आणि ताईचा ओटा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचे दोन नमस्कार. एक नेहमीचा आणि एक आगाऊ. तो कशासाठी ते पुढे कळेलच. मनगटाचं प्लास्टर निघालं का? मूठ नीट वळते का? भावोजींचा खोकला काय म्हणतो? इकडे सगळे मजेत आहेत. (म्हणजे घरचे मजेत आहेत, माझं विचारू नकोस.) हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मधेच विचारतेस, की म्हणजे नेमकं केलंस तरी काय? आणि नेमकं काय केलं, हे मलाच अजून धड कळलेलं नाही.

तू स्वयंपाक करताना स्टुलावरून पडलीस, तेव्हा मी तुला शब्द दिला होता. ओटा तुझ्या उंचीचा, खालची कपाटं आमच्याच कारखान्यातली, आणि स्टूल कायमचं माळ्यावर. तो शब्द मी मोडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो कुठेतरी हरवला आहे, आणि कुठे, तेच शोधतो आहे.

आमच्या ऑफिसात कपाटांची ड्रॉइंग एका प्रोग्रॅममध्ये काढतात, आणि त्याला एक लायब्ररी असते. (पुस्तकांची नव्हे. मीही पहिल्या दिवशी शांत बसून वाट पाहिली होती.) ही लायब्ररी म्हणजे सगळ्यांचं सामाईक फडताळ समज. कपाटं, दारं, बिजागऱ्या सगळं त्यात नाव घालून ठेवलेलं. ड्रॉइंगमध्ये खरं कपाट नसतंच, नुसतं त्याचं नाव असतं; ड्रॉइंग उघडलं, की ते लायब्ररीत जाऊन त्या नावाचं कपाट घेऊन येतं. इथपर्यंत मलाही समजतं. पण वरच्या मजल्यावर या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आहे आणि खाली कारखान्यात जुनी, कारण फळ्या कापणाऱ्या मशीनला नवी आवृत्ती मानवत नाही, आणि मशीनवाल्या काकांनाही नाही. नव्या आवृत्तीची लायब्ररी जुनीला उघडता येत नाही. म्हणून लायब्रऱ्या दोन, आणि वर काही बदललं की खालीही तस्संच बदलायचं काम माझ्याकडे. (हे काम वाटून दिलं त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. तोंडात कापूस असलेल्या माणसाची संमती धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.)

तर तुझं कपाट. तुझी उंची फोनवर विचारून घेतली आणि हिशेब करून ओटा चांगला वीतभर खाली आणला. आता याला नवीन नाव देऊन वेगळं ठेवायचं की नाही? मी काय केलं, तर नेहमीचं जे 'खालचं कपाट' असतं, तेच उघडून बुटकं केलं. फक्त बघायला गं! दोन मिनिटांसाठी! ते इतकं गोड दिसायला लागलं, की त्या आनंदात खालच्या लायब्ररीतही तस्संच करून टाकलं. मग जेवताना एकदम आठवलं, की 'खालचं कपाट' तर सगळ्यांच्याच ड्रॉइंगमध्ये जातं. धावत वर गेलो, 'खालचं कपाट' पूर्ववत केलं, तुझं वेगळं ठेवून त्याला 'ताई' असं नाव दिलं, आणि हुश्श करून घरी गेलो. खालची लायब्ररी राहिली ती राहिलीच.

पुढचं मी तीनदा कागदावर मांडून पाहिलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. खालच्या लायब्ररीत 'खालचं कपाट' अजून बुटकंच होतं. त्यामुळे एका नव्या इमारतीच्या बाराच्या बारा घरांना तुझ्या मापाचे ओटे कापले गेले. पहिलंच घर एका निवृत्त व्हॉलीबॉल प्रशिक्षकांचं. त्यांनी आमच्या फिटरला ओट्यापाशी उभं केलं, आपणही उभे राहिले आणि शांतपणे विचारलं, की हे बसायला आहे का? आणि तुझ्या ड्रॉइंगने खाली जाऊन 'ताई' मागितली. खाली ताई कुठली? मग प्रोग्रॅमने आपल्या पोतडीतलं, त्याच्याबरोबर आलेलं मूळ कपाट काढून दिलं. ते बनवणारी माणसं ताडमाड असावीत. तुझ्याकडे आलेल्या खोक्यांतला ओटा तुझ्या आताच्या ओट्यापेक्षाही उंच आहे, ताई.

मालक मला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, बाराही ओटे पुन्हा कापा. आता दोन महिने मशीन त्या बारा घरांसाठी गुंतलं आहे. काका म्हणाले, शनिवारी सकाळी दोन तास देतो, तुझ्या बहिणीचं एकदाच काय ते कापून घे. त्यांच्यासमोर उभा राहून मी 'ताई' खालच्या लायब्ररीत घातली. दोनदा उघडून पाहिली. आहे, नक्की आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : खोकी उघडू नकोस. उघडली असतील तर फिटरला घरात घेऊ नकोस. तो आमचाच माणूस आहे, पण मला विचारल्याशिवाय त्याने स्क्रूसुद्धा पिळायचा नाही.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालण्याआधी राहवलं नाही म्हणून फोन केला होता. तू बाजारात गेली होतीस, भावोजींनी उचलला. मी सहज तुझी उंची त्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ खोकले. मग हळूच म्हणाले, की तू मला सांगितलीस ती उंची तीन बोटं चढवलेली आहे, लग्न ठरताना पत्रिकेबरोबर आली होती तीच, आणि ते तीस वर्षं गप्प आहेत. म्हणजे मी एकही चूक केली नसती, तरी तू त्या ओट्यापुढे टाचा उंचावूनच उभी राहिली असतीस! तेव्हा चपला काढ, भिंतीला टेकून उभी राहा आणि शुक्रवारपर्यंत खरं माप कळव. मी कुणाला म्हणून सांगणार नाही. फक्त दोन्ही लायब्रऱ्यांत घालीन, तुझ्या नावासमोर.