नानांकडून आलेलं

७ ऑगस्ट २०१४, गुरुवार
ऋचाचा रिपोर्ट आला. परत बावीस हजार. प्लेटलेट दीड लाख तरी हव्यात. चार महिने स्टेरॉइड खाऊन पोरीचं तोंड भोपळ्यासारखं झालंय, वर्गातल्या मुली गोलगप्पा म्हणतात, आणि आकडा जिथल्या तिथं. सर्जन म्हणाले, शरीर आपल्याच प्लेटलेट मारतंय, मारायची जागा म्हणजे तिल्ली, ती काढून टाकू. २८ तारीख दिली. दात काढायचा असावा तसं.
रिक्षात ऋ.नं विचारलं, "तिल्लीला मराठीत काय म्हणतात?" मला येईना. घरी आईनं सांगितलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा. पंधरा वर्षांच्या लेकीच्या पोटातून काय काढणार, त्याचं नावसुद्धा मला…

१२ ऑगस्ट, मंगळवार
पाळीचा अकरावा दिवस. चादरी मीच धुते, तिला बघू देत नाही. नखं पांढरीफटक. शाळेत पाठवलं नाही. मीही रजा टाकली, माझी तिसरीची पोरं दुसऱ्या बाईंकडे. मी सारखं विचारते, चक्कर येतेय का. शेवटी चिडली. "आई, बस करो ना!"
ऑपरेशनला मी भिते. न करायलाही भिते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
ऑपरेशनच्या आधीच्या लसी द्यायला हॉस्पिटलात. तिथं रक्ताच्या विभागातली एक तरुण डॉक्टर भेटली, नीलिमा नाव. ज्यांच्या प्लेटलेट कशानंच वाढत नाहीत त्यांच्यावर तिचं संशोधन चालू आहे. हे घराण्यातून येतं का, ते जीन तपासून बघतात म्हणे. ऋ.चं रक्त मागितलं. दिलं.
"घर में और किसी को?" मी सांगितलं, ऋ.च्या वेळी बाळंतपणात माझ्याही कमी निघाल्या होत्या. पुढे कोणी विचारलं नाही, मीही नाही.
"आपके माता-पिता?" आई ठणठणीत. नाना पाठशाळेत शिकवायचे, पस्तिशीपासून कमी ऐकायचे, मग किडन्या गेल्या, साठीच्या आतच मणिकर्णिका घाटावर पोचवलं त्यांना.
लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "कम सुनते थे?" तेच परत विचारलं. मग माझंही रक्त घेतलं.
दोनदा का विचारलं?

१६ ऑगस्ट, शनिवार
नीलिमानं फोन करून बोलावलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. गुलाबी गोल म्हणजे तांबड्या पेशी. त्यांच्यात जांभळे ठिपके, काही तर पेशीएवढेच मोठे. म्हणाली, याच प्लेटलेट. एवढ्या मोठ्या की मशीन त्यांना प्लेटलेट समजतच नाही, मोजतच नाही. तिनं डोळ्यांनी मोजल्या तर साठ हजारांच्या आसपास. शरीर मारत नाहीये, जन्मापासूनच अशा बनतात. "तिल्ली का इसमें कोई दोष नहीं, दीदी."
मग दुसरी काच लावली. तेच जांभळे ठिपके. विचारलं, ही पण ऋचाचीच?
"नहीं. ये आप हैं."


१८ ऑगस्ट, सोमवार
सर्जनकडे हे आणि मी. ते ऐकून घेईनात. म्हणाले, जीनचा रिपोर्ट यायला महिना-दीड महिना लागेल, रिसर्चवाल्यांना घाई नसते, तोवर मुलीच्या डोक्यात रक्तस्राव झाला तर जबाबदार कोण?
हे बँकेत जन्म घालवलेले, मोठ्या माणसाच्या सहीवर यांचा विश्वास. बाहेर येऊन म्हणाले, "वीस वर्षांचा अनुभव कुठे आणि ती कालची पोर कुठे." मी म्हटलं, पण मी पाहिलंय ना डोळ्यांनी. "तू काय पाहिलंस? ठिपके."
खरंच, मी काय पाहिलं?

२१ ऑगस्ट, गुरुवार
तीन दिवस आम्ही फक्त भाजी-पोळीपुरतं बोललो. आज सकाळी हे दाढी करता करता म्हणाले, "तू म्हणशील ते. पण उद्या काही झालं तर मला विचारू नकोस." असं सोडणं म्हणजे…
नीलिमाला विचारलं, तुमची मुलगी असती तर? म्हणाली, नसतं होऊ दिलं. पण डोळे माझ्याकडे नव्हते. तिलाही भीती वाटत असेल.

२६ ऑगस्ट, मंगळवार
नाही म्हणून आले. सर्जननं कागद पुढे केला, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नातेवाइकांचा नकार. सही केली. ते म्हणाले, "मास्टरनी हैं, फिर भी."
आईला सांगितलं. ती गणपतीची आरास काढत होती, मान वर केली नाही. "निस्तरता येईल ना गं?"

३ सप्टेंबर, बुधवार
शाळेतून फोन. ऋ.च्या नाकातून रक्त, थांबत नाही. गोदौलिया चौकातल्या जाममध्ये रिक्षा सोडून धावले. पोचले तर युनिफॉर्मचा पुढचा भाग लाल, ती बाकावर वाकून बसलेली, एक बाई नाक दाबून धरलेल्या. मला बघून ऋ. म्हणाली, "मी ठीक आहे, तू रडू नको." हॉस्पिटलात नाकात बोळा, सलाईनमधून औषध. पाऊण तासानं थांबलं. तो पाऊण तास मी एकच जपत होते: मी सही केली, मी सही केली.
हे आले. तिचे बूट काढले, पायाशी बसून राहिले.

२९ सप्टेंबर, सोमवार
रिपोर्ट आला. एका जीनमध्ये एका अक्षराची चूक. ऋ.मध्ये तीच, माझ्यात तीच. ऑपरेशन नको, कधीच नको. स्टेरॉइड हळूहळू उतरवत होते, आता पूर्ण बंद. ह्यांनी नीलिमाला वाकून नमस्कार केला, तीच लाजली.
हे पेढे आणायला गेले तेव्हा नीलिमानं दार ओढून घेतलं. म्हणाली, एक बात और है. हीच चूक काहींच्या कानांवर जाते, काहींच्या किडन्यांवर. सगळ्यांच्या नाही. तुमच्या वडिलांचं तेच असणार. दोघींची लघवी दर वर्षी तपासायची, कानांची तपासणी आत्ताच.
पेढा खाल्ला. चव लागली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार
आईला सांगून टाकलं. पोथी वाचत होती, मिटली. मग म्हणाली, "म्हणजे सोंग नव्हतं?"
काय म्हणते ते कळेना. "तुझे नाना. मला वाटायचं, माझं ऐकायचं नाही म्हणून बहिऱ्याचं सोंग घेतात. किती बोलले असेन मी त्यांना. दूधविनायकाच्या गल्लीत सगळ्यांना माझाच आवाज ऐकू जायचा." चष्मा काढला, पुसला, परत घातलाच नाही.
ह्यांना अजून पूर्ण सांगितलेलं नाही. ऋ.लाही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
माझ्या कानांची तपासणी. वरचे, बारीक आवाज दोन्ही कानांत गेलेले. तपासणारा विचारतो, "कब से?" काय सांगू? वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलींना परत परत बोलायला लावते. मला वाटायचं, आजकालची पोरंच पुटपुटतात.
मी बेचाळीस. नाना या वयाला…

१२ ऑक्टोबर, रविवार
संध्याकाळी ऋ.ला घेऊन मुन्शी घाटावर बसले. पूर उतरलाय, पायऱ्यांवर गाळ, माणसं पाण्याचे पंप लावून धुताहेत. सगळं सांगितलं. नाना, कान, किडन्या, मी, आणि हे माझ्याकडून तुला.
ती पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "तुला कमी ऐकू येतं ते मला माहितीये. दोन साल से. मी मुद्दाम जोरात बोलते तुझ्याशी, तुला समजलं नाही?"
नाही समजलं.
मग विचारलं, "माझ्या मुलांना पण?" म्हटलं, निम्मी शक्यता. "टॉस," म्हणाली. हसली नाही. माझा हात तिनं धरला होता की मी तिचा, आठवत नाही.
परतल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "उद्या तिच्या तपासणीला मीही येतो."

१३ ऑक्टोबर, सोमवार
ऋ.च्या कानांची तपासणी. काचेच्या खोलीत ती एकटी, डोक्यावर मोठे हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. तपासणारा बटणं दाबतो, त्याचा चेहरा कोरा. बोट वर. बोट वर. परत वर. ह्यांनी मोजायला सुरुवात केली, मी थांबवलं.
मग त्यानं काहीतरी फिरवलं आणि बोट मांडीवरच राहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघतेय, शहाण्यासारखी, वाट बघतेय. आवाज अजून दिला नव्हता, की दिला आणि तिला आला नाही, काचेबाहेरून कळत नाही. मी त्या बोटाकडे बघत राहिले. रिपोर्ट उद्या देणार म्हणे.