राहतो म्हणून सही केली

श्रूजबरी,
१४ ऑक्टोबर २०२३

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, त्यामुळे मला पुन्हा कॉन्व्हेंटमधल्यासारखं समास सोडून पत्र लिहिणं आलं. सिस्टर बर्नडेट असत्या तर अक्षर बघून त्यांनी पुन्हा लिहायला लावलं असतं. तुझं काय, तू तर लाल पेन घेऊनच वाचत असशील.

बातमी चांगली आहे. उपासनाच्या व्हिसाची गाडी हलली. लग्नाला दीड वर्ष झालं, ती नागपुरात आणि अनुप इथे अमेरिकेत. पोरगा दिवसेंदिवस मुका होत चाललाय. अडलं होतं ते कमाईपाशी. बायकोला इथे आणायचं तर तिला मी पोसेन, सरकारवर तिचा भार पडू देणार नाही, असं नवऱ्याला लिहून द्यावं लागतं आणि तेवढी कमाई दाखवावी लागते. आपला लेक लोकांच्या घरचे पियानो सुरात लावतो. त्यात पोट भरतं, पण सरकारचं समाधान होत नाही. शाळेच्या किचनमधले माझे अर्ध्या वेळेचे पैसे धरूनही कमीच पडत होते. मग वकीलबाईंनी वाट दाखवली, की त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकाची कमाई जोडता येते. त्याने तशी सही मात्र करायला हवी.

विनय गेले तेव्हापासून दर रविवारी न चुकता फोन करणारे त्यांचे धाकटे भाऊ, आपले ईश्वरभावजी, जर्सी सिटीत एकटेच राहतात हे तुला माहीत आहे. ऐकल्याबरोबर तयार झाले. अनुप म्हणाला, काका, फक्त पत्ता चेंज करा, कोण येतंय बघायला. त्यावर भावजी असे तापले! म्हणाले, राहतो म्हणून सही करायची तर राहायचं. आपल्या आईबापांनी आपल्याला खोट्या सह्या करायला शिकवलं नाही. आणि शनिवारी खरोखर दोन बॅगा, कुकर आणि बुद्धमूर्ती गाडीत घालून हजर!

आता बेसमेंटमधली खोली त्यांची. कंपनीचं काम तिथूनच कॉम्प्युटरवर करतात. सकाळी वर येऊन माझ्या चहाला नावं ठेवतात. म्हणतात, वहिनी, पाणी छान गरम केलंय, आता चहा पण टाका. तीन वर्षांनी या घरात कुणी मला चिडवतंय, ताई. बरं वाटतं.

तुझा लोभ आहे तसाच असू दे. वाढलाच तर उचलायची माझी तयारी आहे.

तुझी,
सुनेत्रा

नागपूर,
६ नोव्हेंबर २०२३

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लाल पेन घेतलं नव्हतं, पण ‘कॉन्व्हेंट’चा उच्चार अजून शाळेच्या गेटजवळ उभं राहून ऐटीत केल्यासारखा ऐकू आला.

ईश्वर आला हे फार चांगलं झालं. तुमच्या लग्नात पंगतीत वाढताना जिलब्या मोजून वाढणारा हाच ना तो? त्याचा काटेकोरपणा तेव्हा डोक्यात गेला होता, आता कामी आला म्हणायचं.

उपासना दर बुधवारी येते. माझी भाजी आणते, डोळ्यांत थेंब घालते, आणि मी नको म्हटलं तरी कपाट आवरते. पोरगी बोलकी आहे आणि खोटं तिला अजिबात जमत नाही. परवा माझी वांग्याची भाजी कशी झाली विचारलं, तर बिचारी पाणीच पीत बसली. हिला लवकर घेऊन जा, नाहीतर मी ठेवून घेईन.

थंडीत पायांना जप. पत्र पाठवत राहा, वाट बघायला आता दुसरं काही उरलेलं नाही.

शैलाताई

श्रूजबरी,
११ फेब्रुवारी २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

हे पत्र वाचून फाडून टाक.

ईश्वरभावजी गेले. जानेवारीत जर्सी सिटीतल्या फ्लॅटच्या किल्ल्या परत द्यायला गेले होते. बर्फ पडत होतं, अंगात जाड जॅकेट; फ्लॅटसमोरच्या स्टेशनवर बाकावर बसले ते बसलेच. अनुप आणि मी धावत गेलो. तिथल्या चार मित्रांनी वंदना घेतली, दहन झालं, आणि आम्ही त्यांची गाडी घेऊन परत आलो. ते आम्हाला सोडून कुणाचेच नव्हते, त्यामुळे कुणाला कळवायचंही नव्हतं. तुलाही आजच कळवते आहे, याबद्दल रागाव.

आता खरं सांगते. मी हे वकीलबाईंना सांगितलेलं नाही. उपासनाची मुंबईची मुलाखत मार्चमध्ये आहे. भावजी नाहीत म्हटलं की त्यांची कमाई नाही, आणि मुलगी तिथेच राहिली. घराबाहेरच्या माणसालाही स्वतंत्र हमी देता येते, म्हणून इथल्या विहारातल्या प्रीताला विचारून बघितलं. तिच्या नवऱ्याने, देवने, हात जोडले. म्हणाला, काकू, मागाल ते देतो, सही मागू नका, ती जन्माची गळ्यात पडते. अनुप म्हणत होता, आई, let's just tell them. मीच त्याला गप्प केलं. उपासनालाही सांगितलं नाही. तिला विचारतील घरात कोण राहतं, तर तिला सरळ नजरेने उत्तर देता यावं.

इथे म्हणे कधी कधी घर बघायला सरकारी माणूस येतो. म्हणून संध्याकाळी बेसमेंटचा दिवा आम्ही लावून ठेवतो. त्यांचे बूट दाराशी ठेवलेत. बर्फ पडलं की अनुप त्यांच्या गाडीभोवतीचं काढतो. पत्रपेटीवर त्यांचं नाव आहे. मी सकाळी त्यांच्या कपात चहा ओतते आणि मग तो सिंकमध्ये ओतून टाकते. हे तर कुणी बघणारही नसतं. का करते, मलाच कळत नाही.

मला दूर लोटू नकोस, एवढंच.

तुझी,
सुनेत्रा

नागपूर,
४ मार्च २०२४

सुनेत्रा,

आशीर्वाद देते, पण हात जड झालाय.

ईश्वरसाठी रडले. मग तुझ्यावर रागावले. आपण श्राद्ध-पक्ष मानत नाही, कारण गेलेला माणूस गेला हे मान्य करायची हिंमत आपल्यात आहे, असं मी पस्तीस वर्षं विज्ञानाच्या तासाला सांगत आले. आणि माझी सख्खी बहीण मेलेल्या माणसाला चहा ओतते! त्याच्या नावाचा दिवा लावते!

वकिलाला सांग. पोरगी उशिरा आली तरी चालेल, खऱ्या घरात येऊ दे. उपासना आज माझ्याजवळ बसून मुलाखतीची तयारी करत होती. घरात कोण कोण आहे, हे तिने आरशात बघत म्हणून दाखवलं. ईश्वरकाकांचं नाव तिने इतक्या मायेने घेतलं, की मी स्वयंपाकघरात निघून गेले. तुझ्यामुळे मीही खोटी झाले.

तरी तुझीच,
शैलाताई

श्रूजबरी,
२१ एप्रिल २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

व्हिसा मिळाला हे तुला उपासनाने सांगितलंच असेल. घरात कोण, असं तिला खरंच विचारलं. ती म्हणाली, सासूबाई, नवरा आणि चुलत सासरे. ती खोटं बोलली नाही. खोटं मी बोलले, तिच्या तोंडून.

आता जे लिहिते त्यावर तू हसशील. हस, मला ते हवंच आहे.

मार्चमध्ये एकदा अनुप कामाला वुस्टरला गेला होता. मी शाळेतून आले तर खालचा दिवा आधीच लागलेला. वाटलं, अनुप बंद करायला विसरला. मग शेवटचं मोठं बर्फ पडलं. सकाळी बघते तर भावजींच्या बुटांचे तळ ओले, खालच्या चटईवर पाणी. बाहेर त्यांच्या गाडीभोवतीचं बर्फ काढलेलं, कड पट्टी लावल्यासारखी सरळ. अनुपला विचारलं. तो म्हणाला, शेजाऱ्याने काढलं असेल, मी नाही. अनुपची कड कधीच सरळ येत नाही.

ज्या मुलाला पियानोच्या तारेतला केसाएवढा फरक कळतो, त्याला खालून काही ऐकू येत नाही. म्हणून मीही म्हणते की काही नाही. पण ताई, दिवा आता आम्ही लावत नाही. लावायचं ठरवेपर्यंत लागलेला असतो.

मी घाबरलेली नाही. संध्याकाळ झाली की मी त्या दिव्याची वाट बघते, याची तेवढी भीती वाटते.

उपासना जूनमध्ये येईल. आली की सगळं सांगेन, वचन देते.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

सुनेत्रा

श्रूजबरी,
२० जुलै २०२४

आदरणीय शैलामावशींस,
सविनय जयभीम.

मावशी, थेंब घालताय ना? शेजारच्या राकेशला मी रोज मेसेज करते, तो म्हणतो मावशी ऐकत नाहीत. म्हणून हे पत्र, ओरडा खायला तयार राहा.

मी मजेत आहे. घर छान, तळं जवळ, आणि अनुप चक्क गुणगुणायला लागलाय. आई खूप लाड करतात. पण एक गोष्ट मनाला लागते, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?

या घरात ईश्वरकाकांशी कुणी बोलत का नाही?

आमच्या लग्नात किती हसवलं होतं त्यांनी सगळ्यांना! आता एकटे बेसमेंटच्या जिन्यावर बसलेले असतात. आई त्यांचं ताट वाढत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात विचारलं, काका जेवायला येत नाहीत का? तर आई हातातला डाव तसाच ठेवून बाहेर गेल्या आणि अनुप म्हणाला, later, okay? प्लीज. काही भांडण झालंय का? काकांना विचारलं तर म्हणतात, त्यांच्याकडे माझा विषय काढू नकोस, बाळ, दोघं आधीच थकलेत. मी जेवण नेलं तर जेवलो म्हणतात. आणि या उन्हाळ्यात अंगात जाड जॅकेट! कॉलर ओली असते.

माझ्याशी मात्र बोलतात. रोज एकच प्रश्न, नोकरी कधी लागणार? मी म्हटलं, काका, जरा श्वास तर घेऊ द्या. तर म्हणाले, मी तुझ्यासाठी सही केली आहे. तू इथली नागरिक होईपर्यंत, नाहीतर दहा वर्षांचं काम तुझ्या नावावर जमेपर्यंत मला इथून हलता येत नाही. मी हसून म्हटलं, मग तर मी नोकरीच करत नाही, राहा आमच्याकडे कायमचे. ते हसले नाहीत. म्हणाले, असं म्हणू नकोस गं.

मावशी, तुम्ही आईंची समजूत घाला ना. म्हातारं माणूस घरात असं पडून राहिलेलं बघवत नाही.

तुमच्या वांग्याच्या भाजीचीसुद्धा आठवण येते, म्हणजे बघा.

तुमची,
उपासना

नागपूर,
२ ऑगस्ट २०२४

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

तू उपासनाला काहीच सांगितलेलं नाहीस. तिचं पत्र सोबत जोडलं आहे. बसून वाच.

वाचलंस? पाणी पी.

भूत नसतं. हे मी आजही म्हणते. पण ही मुलगी खोटं बोलत नाही, हेही मी म्हणत आले. दोन्ही एकदम कसं खरं असेल, हे शोधत बसायला या वयात मला वेळ नाही.

राकेशला इंटरनेटवर नियम बघायला सांगितला. सही करणारा माणूस गेला की त्याची जबाबदारी तिथेच संपते. ईश्वरला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. कोण सांगणार? तुम्ही तर सहा महिने तो आहे असंच त्याला सांगत होतात. दिवा लावून, बूट ठेवून, चहा ओतून. तुझं त्याने ऐकलं. आयुष्यभर ऐकत आला.

खाली जा आणि त्याला सांग. मग मुलीला सांग, आणि वकीलबाईंना. माझ्या तोंडून असलं काही वदवलंस म्हणून तुला कधी माफ करणार नाही, असं म्हणणार होते. राहू दे. लवकर जा.

तुझ्या पाठीशी असलेली,
शैलाताई

श्रूजबरी,
१७ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताईस,
सविनय जयभीम.

पत्र आलं त्याच दुपारी मी खाली गेले. अनुप कामावर होता, उपासना तळ्याकडे फिरायला. खोली रिकामी होती. मी शेवटच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, भावजी, तुम्ही जानेवारीत गेलात. मी तुमच्या पायांना हात लावलाय. नियमाप्रमाणे तुमची सही सुटली. आम्ही तुम्हाला धरून ठेवलं, चूक माझी, तुम्ही मोकळे आहात. तुम्ही गेलात हे मी त्या दिवसापर्यंत एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. मग मला खूप रडू आलं.

मागून उपासनाने विचारलं, आई, हे कुणाला सांगताय?

ती जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती. मी म्हटलं, भावजींना. ती गोंधळून म्हणाली, पण ते खाली नाहीत, हे माझ्याजवळ उभे आहेत. तळ्याच्या रस्त्यावर भेटले आणि म्हणाले, घरी चल, वहिनींना काहीतरी सांगायचंय. ताई, मला ती एकटीच दिसली. आणि तिच्या डावीकडे एका माणसाएवढी जागा, तिने अंग चोरून सोडलेली.

तिच्या चेहऱ्यावर माझे शब्द हळूहळू पोचताना मी बघितले. तिने डावीकडे वळून बघितलं नाही. भिंतीला घासत खाली आली आणि माझा हात घट्ट धरला. हात बर्फासारखा. म्हणाली, ते विचारतात, मग या मुलीचं कोण?

मी म्हटलं, मी.

काल आम्ही तिघं वकीलबाईंकडे जाऊन सगळं सांगून आलो. त्या खूप रागावल्या. म्हणाल्या, प्रकरण उलटूही शकतं, उपासनाला परत जावं लागू शकतं. पण भावजींच्या जागी पुरेशा कमाईचं दुसरं कुणी सही करत असेल तर त्या प्रयत्न करतील. शाळेने मला सप्टेंबरपासून पूर्ण वेळ घेतलंय, किचनची जबाबदारी देऊन. सोमवारी सही आहे. अनुप म्हणतो, आई, तुझं वय बघ. उपासना माझ्याशी धड बोलत नाही. का बोलावं तिने? पण आज सकाळी चहा देताना तिने आपणहून सांगितलं, की काका अजून जिन्यावर आहेत. जॅकेटची चेन लावून, निघायच्या तयारीत. वहिनींची सही झालेली बघतो आणि जातो, म्हणाले.

दहा वर्षांची सही आहे, ताई. तेव्हा मी केवढी असेन, याचा हिशेब तू करत बसू नकोस.

मी असेन.

तुझ्या मायेवर जगणारी,
सुनेत्रा