थोरल्या मामंजींचं नाव

बिश्केक, ६ जुलै

ती. आईंस,
जिपाराचा सा. न. वि. वि.

मेलीसच्या गाडीतून पीठ, साखर आणि माझ्या आयदायचे लोकरी मोजे पाठवते आहे. पोरगी मोजे नको म्हणाली तर घोडीला घालते म्हणा, लगेच मागेल.

आमचं विमान पडता पडता राहिलं, हे मेलीसने मीठमसाला लावून सांगितलं असेलच. खरं आहे ते. चालवत होते थोरले मामंजी, शेजारी मी. ओशहून निघालो तेव्हा विमान माणसांनी आणि जर्दाळूच्या पेट्यांनी गच्च भरलेलं. पुढे वादळी ढग उभा होता. वळसा घालायचा सोडून ते म्हणाले, याच्या डोक्यावरून जाऊ. वर हवा विरळ, त्यात त्या दिवशी गरम. एवढं ओझं घेऊन त्या उंचीवर विमान तगत नाही. वेग घटायला लागला. काटा मला दिसत होता.

पण मी पडले सून! त्यांचं नाव घ्यायचं नाही, शब्द मोडायचा नाही. मी म्हणाले, वरची हवा आज जरा कोमट वाटते. ते हसले, म्हणाले, तुझ्या चहापेक्षा बरी आहे. तेवढ्यात विमान थरथरलं आणि दगडासारखं खाली निघालं. त्यांनी घाबरून नाक आणखी वर ओढलं, तेव्हा मी दोन्ही हातांनी सुकाणू पुढे रेटलं. खाली सपाट मैदान होतं म्हणून वाचलो.

महिनाअखेरीस चौकशी आहे. वाऱ्याचा झोत आला म्हणून सांग, असं मामंजी म्हणतात. मी तसं सांगणार नाही.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
जिपारा

---

सोनकुल कुरण, ११ जुलै

चि. सौ. जिपारास,
अ. आ.

मोजे पोरीने घातले. घोडीची युक्ती लागू पडली.

बाकी पत्र वाचून माझं डोकं फिरलं. तुझे सासरे गेल्यावर घर सांभाळलं कोणी, त्यांच्या या थोरल्या भावानेच ना? बाई विमान चालवणार म्हणून सगळे खिदळत होते, तेव्हा तुझ्या पाठीशी कोण उभं राहिलं? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, पोरी. या घरात आल्यापासून मी थोरल्या भावजींचं नाव जिभेवर आणलेलं नाही. त्यांच्याच नावाचा एक शेजारी होता, त्याला मी जन्मभर कुंपणवाले म्हटलं. आणि तू भर चौकशीत त्यांची चूक सांगणार? मग दोन घरांचा चहा एका चुलीवर पुन्हा व्हायचा नाही. झोत आला म्हण. वारा काही साक्षीला येत नाही.

एक मात्र कळलं नाही. पडणाऱ्या विमानाला आणखी खाली ढकललंस, तर ते सावरलं कसं?

शहाणी हो, म्हणजे मला सुखाने झोप येईल.

बुरुल

---

बिश्केक, १७ जुलै

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

खिंड चढताना लादलेला घोडा धापा टाकायला लागला, तर तुम्ही काय करता? चाबूक मारत नाही, तोंड उताराकडे वळवता. त्याचा दम परत येतो. विमानाचंही तेच. उतारावर वेग येतो, वेग आला की पंख हवा धरतात. मामंजींनी दमलेल्या घोड्याला चाबूक मारला.

त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण पंखांना नातं कळत नाही, आई. झोत म्हटलं तर ते पुन्हा उडणार, पुन्हा ढगाच्या डोक्यावर चढणार. शेजारी दुसरं कोणी भिडस्त पोर असेल, तेही हवा कोमट आहे म्हणेल. आणि शरदात तुम्ही आयदायला घेऊन तिच्या बाबाकडे, तालानकडे रशियाला जाणार आहात, त्याच विमानाने.

माझीही चूक मी सांगणार आहे. मी ओरडायला हवं होतं. नाव घेतल्याशिवाय साक्ष होत नाही, म्हणून आरशासमोर घेऊन पाहते. जीभ अडखळते, रडू येतं. तरी घेईन.

मला सून म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला आईच म्हणणार.

जिपारा

---

सोनकुल कुरण, २४ जुलै

चि. जिपारास,
अ. उ. आ.

परवा थोरले भावजी इथे आले. सुनेला दोन शब्द सांगा, म्हणाले. मी मेंढा कापला, त्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, मेंढ्याचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं. शेजारीपाजारी जमले. मग ते रंगात आले: झोत कसा आला आणि त्यांनी विमान कसं वाचवलं. आयदाय त्यांच्या मांडीवर बसून टाळ्या पिटत होती. शरदात आजोबांच्याच विमानातून जायचं म्हणाली.

मी घोडीच्या दुधाचं कुमीस ओतत होते. वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, एशीमकूल, वारा नव्हता. घोडा दमला होता, तुम्ही चाबूक मारलात.

मला वाटलं, आता तंबूचं छप्पर डोक्यावर येतं. आलं नाही. त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, हे सुनेने पढवलं का. मी म्हटलं, घोडा माझा, जीभ माझी, अक्कल तेवढी तिची.

सकाळी ते काही न खाता निघाले. चौकशीत काय सांगतील, देव जाणे. तू त्यांच्यावर विसंबू नकोस, आपलं सांग. मी दिवसभर रडले, हे खोटं कशाला सांगू? भला माणूस आहे तो. पण पोर माझी आहे.

नाव पहिल्यांदा घेताना घसा कोरडा पडतो. आधी पाणी पी. मग स्पष्ट घे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

लोभ मागायचा नाहीस आता, तो तुझाच आहे.

तुझी,
आई