निळा राहिला

४ जाने. ९८
तिन्ही काचा मिळाल्या. लाल, हिरवी, निळी. इंदूला समजावलं : फिल्म काळी-पांढरीच, पण एकच फोटो तीनदा काढायचा, दर वेळी लेन्सपुढं वेगळी काच. मग त्याच काचांतून तिन्ही एकावर एक भिंतीवर पाडले की खरे रंग. सगळं ऐकून घेऊन बायको म्हणते, "स्टुडिओत एका टिचकीत रंगीत काडत्यात की वो." स्टुडिओचे रंग दहा वर्षांत उडतात म्हटलं. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं काय बाटल्या पुसल्या मी? "व्हय, त्याच की," म्हणाली.

११ जाने.
दारालगतच्या सोप्यात खुर्ची मांडून बसवली. हौसेची निळी साडी. स्टँडच्या पायांना खडूच्या खुणा केल्या. ला. झाला, हि. झाला. निळी काच गडद, आठ सेकंद लागतात. हलू नको म्हणतोय तोच दारात तिचा भाऊ बाळू, कुरुंदवाडहून. "जयभीम दाजी! हायसा का घरात?" उठली ही चहा ठेवायला. त्याच्यादेखत ओरडलो. "आठ सेकंद दम निघत न्हाय? जन्मात कधी एका जागी बसलीस?" बाळू चपला न काढता तसाच उभा.
तो गेल्यावर आपणहून येऊन खुर्चीत बसली. "काडा आता निळा." ऊन होतं अजून.
म्हटलं, उद्या.

१३ जाने.
अबोला चालू. ऊन फर्स्टक्लास, पण कॅमेऱ्याला हात लावला नाही. सोपा पुसला तिनं, खुणा तेवढ्या सोडून. बघितलं. बोललो नाही.

१९ जाने.
तिचे डोळे पिवळे दिसतात. "काय न्हाय, उष्णता हाय." जेवण नाही दोन दिवस. हे मला आज कळलं! जयसिंगपूरला लेकीला, सुमनला, फोन केला.

२३ जाने.
दवाखाना. कावीळ लिव्हरपर्यंत गेलीय. आधी का नाही आणलं, डॉक्टर विचारतात. काय सांगू, अबोला होता? नखंसुद्धा पिवळी. हात धरून बसलो. "त्यो निळा ऱ्हायला न्हवं?"
बरी हो, काढू म्हटलं.

२ फेब्रु.
इंदू काल सकाळी

१५ मार्च
इंदूचं पुण्यानुमोदन होऊन महिना झाला. घरात काम नाही. रोल धुतला. दोन चौकटींत ती, पुढं कोरी फिल्म.

२२ मार्च
कॉलेजातून दोन प्रोजेक्टर आणले. भर दुपारी खिडक्या लावून, स्लाइड करून घेतलेले ला. आणि हि. त्या-त्या काचेतून एकावर एक बसवले. रेघ न् रेघ जुळली. पण तांबडा नि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो, हे मी पोरांना दरवर्षी दाखवायचो. खुर्ची पिवळी, निळी साडी काळी. आणि तिचा चेहरा पिवळा, डोळे पिवळे, मांडीवरच्या हाताची नखं पिवळी. चांगली धडधाकट बसली होती त्या दिवशी. मी तिला दवाखान्यातली करून ठेवली. खूप रडलो. आठ सेकंदांचं काम होतं.

५ एप्रिल
सुमन आली. दाखवणार नव्हतो, हट्टानं बघितलं. भिंतीपाशी गेली. मग, "आप्पा, निळा आला की हे पिवळं जाईल न्हवं?"
जाईल.
"मग मी बसते की. साडी हाय आईची."
म्हटलं, तुझं नाक तिच्या नाकावर बसायचं नाही, चेहऱ्याला निळ्या कडा येतील. धड ती नाही, धड तू नाहीस.
"येऊ देत. पण अशी नको ठेवायला तिला."

६ एप्रिल
खडूच्या दोन खुणा पुसट दिसतात, तिसरी गेली. ती अंदाजानं धरली. सुमन साडी नेसून बसली. खांद्यावर पदर घेतला तिच्यासारखाच, क्षणभर बघवेना. नवा रोल भरला, निळी काच लावली. आठ मोजले. माझं लक्ष दाराकडं. कुणी आलं नाही. सुमन तसूभर हलली नाही.
मग उठून चहा ठेवला तिनं. आतूनच म्हणाली, "आप्पा, आजच धुवा की. बघू कशी दिसती आई."
रोल कॅमेऱ्यातच आहे.
म्हटलं, उद्या.